तिसरी बरणी आणि धुण्याचा सोडा

एका मंगळवारी सकाळी सहा गांधीलमाश्या बाजाराच्या थांब्यावर बसमध्ये शिरल्या आणि शेवटच्या थांब्यापर्यंत ड्रायव्हरच्या कॉलरवर बसून गेल्या.

आठ पॉइंट सहा.

बाथरूममध्ये, गरम पाण्याच्या टाकीला टेकून, काचेचा एक बुधला आजीचा जांभळा स्वेटर घालून बसला होता. बाह्या पोटावर बांधलेल्या.

"हे गोड आहे की दंतमंजन?"

निळी शाई, पट्टीने मारलेली शिरोरेषा: धुण्याचा सोडा.

डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, चोरून काय खाता? बाबा म्हणाले, काही नाही. ते खरं होतं, आणि म्हणूनच त्यांना नीट म्हणता आलं नाही. खोटं ते फार सफाईने बोलतात.

मुंगीला वाचता येत नाही. मोजताही येत नाही.

*

आता ओळीने सांगते.

माझे बाबा बस चालवतात. एकोणतीस वर्षं एकच मार्ग, तेवीस थांबे. तेविसावा थांबा म्हणजे पत्र्याची शेड, गळका नळ आणि बंद पडलेल्या गोदामाचं तारेचं कुंपण. त्या कुंपणावर ब्लॅकबेरीचं काटेरी रान माजलंय. तिथे बस बारा मिनिटं थांबते. बाकीचे ड्रायव्हर त्या बारा मिनिटांत सिगरेट ओढतात. बाबा डबा घेऊन उतरतात आणि कुंपणाशी जातात. हात लावताच सुटते ती घ्यायची, ओढावी लागली तर सोडून द्यायची, असा त्यांचा नियम. उन्हाळा उतरायला लागला की आमच्या घरात बाबांच्या हातांवर ओरखडे, बाह्यांवर जांभळे डाग आणि फ्रीझरमध्ये ब्लॅकबेरीच्या पिशव्या असतात.

ड्रायव्हरांची दरवर्षी तपासणी होते. यंदा बाबांची तीन महिन्यांची सरासरी साखर आली आठ पॉइंट सहा. डेपोच्या डॉक्टरांनी आवाज न चढवता सांगितलं की तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्या. साडेसात किंवा खाली आली तर गाडी तुमची, नाहीतर चौकशीच्या खिडकीत बसा.

चौकशीची खिडकी ही शिक्षा नाही, असं डेपोत सगळे म्हणतात. पंखा आहे, खुर्ची फिरती आहे. पण बाबांना माणसं आरशातून बघायची सवय. खिडकीत लोक तोंडासमोर येऊन विचारतात, उत्तर पटलं नाही तरी तिथेच उभे राहतात. आणि खिडकीसमोर कुंपण नाही. त्या संध्याकाळी बाबा जेवताना एकच वाक्य बोलले: "खिडकीत बसवलं तर मी घरीच बसेन." आजीने त्यांच्याकडे पाहिलं, आईने बरण्यांकडे.

*

लेबल: एरिथ्रिटॉल. पातळी रेघेपर्यंत.

आई शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. परीक्षानळ्या धुणं, द्रावणं भरणं आणि बाटल्यांवर लेबलं लावणं हे तिचं काम. तिच्या मते जगातले निम्मे अपघात लेबल नसल्यामुळे होतात आणि उरलेले निम्मे लेबल न वाचल्यामुळे. आमच्या घरात मिठावर "मीठ" लिहिलेलं आहे. शिवाय प्रत्येक बरणीवर आतला माल कुठवर आहे ते दाखवणारी पेन्सिलची बारीक रेघ असते. कोणी काही घेतलं की तिला कळतं. कोणी घेतलं तेही कळतं, पण ते ती तोंडावर बोलत नाही. पुढच्या वेळी रेघ जरा गडद काढते.

बाबा लेबल वाचत नाहीत. अक्षरओळख आहे, हौस नाही. त्यांचं सगळं थांब्यांवर चालतं. फळीवर डावीकडून पहिली बरणी चहा, दुसरी मीठ, तिसरी साखर, चौथी मैदा, पाचवी कॉफी. डोळे बांधले तरी तिसऱ्या बरणीवर हात बरोबर पडणार. एकोणतीस वर्षांत त्यांचा एकही थांबा चुकलेला नाही, मग साखर कशी चुकेल?

रिपोर्टच्या दुसऱ्या दिवशी आईने तिसऱ्या बरणीतली साखर काढली आणि तिथे एरिथ्रिटॉल भरलं. दिसायला साखर, चवीला साखर, रक्तात मात्र गोंधळ घालत नाही अशी ती पूड. लेबल बदललं. मैद्याच्या बरणीत बदामाची पूड आली, तिचंही लेबल बदललं. इथवर सगळं तिच्या स्वभावाला धरून झालं.

उरलेली साखर टाकून देणं मात्र तिच्या जिवावर आलं. पाहुणे येतात, त्यांना चहा लागतो. आणि साखर घरात आहे असं बाबांना कळलं तर ती राहणार नाही. मग आईने आयुष्यात न केलेली गोष्ट केली. साखर एका जाड बरणीत भरली, बरणी बाथरूमच्या फळीवर साबणाशेजारी ठेवली आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: धुण्याचा सोडा.

ती दिवसभर घरातली बाकीची लेबलं पुन्हा पुन्हा तपासत होती. मला वाटलं, बाबांच्या काळजीने.

पाहुणे आले की आई साखरेचं भांडं घेऊन बाथरूममध्ये जायची आणि भरून आणायची. पाहुण्यांना काय वाटत असेल देव जाणे.

*

घरात "साखर" हा शब्द बंद झाला. कोणी कायदा केला नव्हता, पण तो शब्द निघाला की आई ताट उचलायची आणि बाबा खिडकीबाहेर बघायचे. आम्ही "ती" म्हणू लागलो, मग तेही सोडलं. पुढचा सगळा घोळ या एका शब्दाने वाचला असता.

आईने दरम्यान प्रयोग सुरू केले. बाबांना जेवणानंतर काहीतरी लागतंच, आणि ते घरात मिळालं नाही तर बाजाराच्या थांब्यावर मिळेल, हे तिला पक्कं माहीत होतं. पहिल्या आठवड्यात ब्लॅकबेरी शिजवून त्यात चियाचे दाणे घातले, ते भिजून बुळबुळीत फुगले. आजीने वाटीत डोकावून विचारलं की हे बेडूक कधी होणार. दुसऱ्या आठवड्यात बदामाच्या पुडीची टार्ट. कापायला गेलो तर वाळूच्या किल्ल्यासारखी बसली, ती आम्ही चमच्याने खाल्ली. तिसऱ्या आठवड्यात चीजकेक. तळाला बदामाची पूड आणि लोणी दाबून भाजलेलं, वर क्रीम चीज, त्यावर बिया काढून गाळलेल्या ब्लॅकबेरीचा थर. दिसायला दुकानातला. पण दाताखाली कण कचकच वाजायचे आणि जिभेला गार लागायचं. एरिथ्रिटॉलचा तो गुणच आहे, असं आईने समजावून सांगितलं; ते कुठल्या बरणीत आहे हे मात्र कोणी विचारलं नाही. त्यावर आजीने दंतमंजनाचं विचारलं.

बाबांनी सगळं खाल्लं. बेडूक, वाळू, दंतमंजन. बाजाराच्या थांब्यावर त्यांनी मान वळवून मिठाईच्या दुकानाकडे पाहिलंसुद्धा नाही. रोज सकाळी बोट टोचून यंत्रात बघायचे आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचे. एकशे साठ, एकशे सेहेचाळीस, एकशे अठ्ठावीस. आकडा उतरत होता. बाबा शिट्टी वाजवत दाढी करायचे.

*

फोनवर मामा, चौथा आठवडा.

माझा मामा प्लंबर आहे आणि घरी फळांची वाइन करतो. त्याच्या दृष्टीने या एकाच विद्येच्या दोन शाखा आहेत. बाबांनी त्याला विचारलं की वाइनमध्ये गोड किती असतं. मामा म्हणाला की दाजी, नीट आंबवली तर जवळजवळ काहीच उरत नाही. "सगळं यीस्ट खातं. आपल्याला फक्त नशा सोडतं, बिचारं."

ही कल्पना बाबांच्या मनात घर करून बसली. आपण खायचं नाही, दुसऱ्या कुणाला तरी पोटभर खाऊ घालायचं, आणि त्याने खाल्ल्यावर जे उरेल ते महिन्यातून एकदा अर्धा ग्लास घ्यायचं. डॉक्टरांनी अर्ध्या ग्लासाला हरकत घेतली नाही. आईनेही नाही, प्रयोग म्हटला की ती नरम पडते.

बाबांनी दोन किलो ब्लॅकबेरी बादलीत हाताने कुस्करल्या, उकळतं पाणी ओतलं, कोमट झाल्यावर यीस्ट टाकलं, वर फडकं बांधलं. तीन दिवस बादली फसफसत होती. मग आजीच्या जुन्या उशीच्या अभ्र्यातून रस गाळला आणि तो मामाने दिलेल्या काचेच्या बुधल्यात भरला. बुचात मामाने स्वतः वाकवलेली नळी होती, तिच्यात घोटभर पाणी. बेसिनखाली वाकडा पाइप असतो ना, तेच तत्त्व, असं मामा म्हणाला. आतला गॅस बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. गॅस सुटला की पाण्यात बुडबुडा येतो. बुडबुडा आला म्हणजे यीस्ट जेवतंय.

आता साखर. मामाचं माप सव्वा किलो.

आई शाळेत होती. बाबांनी तिसऱ्या थांब्यावर हात टाकला, सव्वा किलो मोजून काढली आणि बुधल्यात ओतली. मग बरणी बघितली तर तळ दिसत होता, आणि पेन्सिलची रेघ वर एकटी उभी होती. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते तसेच चपला घालून दुकानात गेले, साखर आणली आणि बरणीत बरोबर रेघेपर्यंत भरली. वर हलकेच हलवून सपाटही केली. बस थांब्याच्या खुणेवर लावणाऱ्या माणसाला रेघ म्हणजे काही अवघड नव्हतं.

संध्याकाळी आईने बुधल्यावर तारखेचं लेबल लावलं आणि विचारलं, यात काय काय घातलंत. बाबा म्हणाले, ब्लॅकबेरी, पाणी, यीस्ट, आणि तुझ्या भावाने सांगितलं ते सगळं. आईला वाटलं, ते सगळं भावानेच आणून दिलं असणार. रेघ तर जागच्या जागी होती.

*

लेबल: एरिथ्रिटॉल. पातळी रेघेपर्यंत. आत: साखर.

चौथा चीजकेक असा झाला की आजीने ताटली बोटाने पुसून घेतली. कचकच नाही, गारवा नाही. ब्लॅकबेरीच्या थराला आरशासारखी चकाकी आली होती. आईने विचार करून सांगितलं की यावेळी रस दोनदा गाळला, त्याचाच हा परिणाम. शाळेत एक तुकडा नेला तर गणिताच्या बाईंनी कृती मागितली, आणि गणिताच्या बाई कुणाकडे काही मागत नाहीत. आईचा पाय जमिनीला लागेना. एक दिवसाआड चीजकेक होऊ लागला. बाबांना मोठा तुकडा, कारण सगळी खटपट त्यांच्यासाठी होती.

कॅलेंडर: एकशे एकोणचाळीस. एकशे सहासष्ट. एकशे नव्वद.

आईने ब्रेड बंद केला. दोनशे चार. बटाटे बंद केले. दोनशे अकरा. फळं बंद केली, दूध मोजून दिलं. बाबा भुकेने कासावीस व्हायचे, तेव्हा ती म्हणायची की चीजकेक घ्या, त्याने काही होत नाही, पोटभर खा. दोनशे वीस.

मग शंका आली. शंका यायला माणूस एकच होता. आईने सरळ विचारलं नाही, मला बाबांची बॅग बघायला सांगितली. मी बघितली. आत जांभळा झालेला डबा, कंगवा, शर्टाचं एक बटण. कागदाचा चिटोरा नाही, एक कण नाही. खरं सांगायचं तर माझी निराशा झाली.

डॉक्टरांनी मधल्या तपासणीत विचारलं, चोरून काय खाता. ते वर सांगितलं आहे. बाबा तडक घरी आले. घरात शिरताना दारातच आईला म्हणाले, "मी खाल्लं असतं तर मला निदान चव तरी आठवली असती." आई म्हणाली की मग यंत्र बिघडलं असेल. पण तिच्या आवाजात यंत्रावर जास्त विश्वास होता, आणि बाबांना तो ऐकू आला. त्या रात्री त्यांनी चीजकेक घेतला नाही. सकाळी आकडा पंचवीसने कमी. आईने तोही त्यांच्या विरोधात धरला: एक दिवस लाज वाटली, एक दिवस चोरून खाल्लं नाही.

*

बुधलाही बाबांचं ऐकेना. पहिले दोन दिवस बुडबुडे आले, चार सेकंदांना एक. मग दहाला एक, मग मिनिटाला एक. मग नाही. बाबा सकाळी कामावर जाण्याआधी घड्याळ घेऊन स्टुलावर बसायचे. मामा म्हणाला की थंडी बाधली असेल, यीस्ट नाजूक असतं. म्हणून आजीने आपला जांभळा स्वेटर दिला. ती बुधल्याला "बाळ" म्हणायची आणि येता-जाता विचारायची, जेवलं का? जेवलं नव्हतं.

आता शर्ट. बाबांच्या पांढऱ्या शर्टांच्या बाह्यांना ब्लॅकबेरीचे डाग पडतात, आणि हे शर्ट आजी दर रविवारी हाताने धुते, यंत्रावर तिचा विश्वास नाही. यंदा तिला साबणाशेजारी सोड्याची नवी बरणी दिसली. आजी लेबल वाचते, चष्मा लावून वाचते, आणि सुनेच्या अक्षरावर तिची श्रद्धा आहे. तिने शेवटच्या पाण्यात दोन चमचे टाकले. डाग गेले नाहीत, म्हणून पुढच्या रविवारी चार. शर्ट वाळून पुठ्ठ्यासारखे झाले. इस्त्री फिरवली की घरभर मिठाईचा वास सुटायचा आणि बाबा डोळे मिटून उभे राहायचे. त्यांना वाटायचं, उपाशी राहून आता भास होतायत.

गांधीलमाश्या तिसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारी आल्या. एका प्रवासी बाईंनी छत्रीने त्या उडवायचा प्रयत्न केला. छत्री बाबांच्या डोक्यात बसली आणि बस सतराव्या थांब्याच्या चार हात पुढे थांबली. एकोणतीस वर्षांतला पहिला चुकलेला थांबा. बाबांनी तो घरी स्वतःच सांगितला, आजारपण सांगावं तसा.

*

शनिवारी सकाळी मुंग्या आल्या.

खिडकीच्या फटीतून ओट्यावर, ओट्यावरून भिंतीवर, भिंतीवरून फळीवर, चहा ओलांडून, मीठ ओलांडून, सरळ तिसऱ्या बरणीच्या झाकणाशी. आई चीजकेकसाठी बरणी काढायला गेली आणि हात तसाच वर राहिला. सुरुवातीचे तीन आठवडे तिथे एकही मुंगी फिरकली नव्हती. तिने मला हाक मारून विचारलं, तुला काय दिसतंय? मी म्हटलं, मुंग्या. ती म्हणाली, मलाही.

तिने साठ्यातलं न फोडलेलं एरिथ्रिटॉलचं पाकीट काढलं. एका चमच्यात त्यातलं, दुसऱ्यात तिसऱ्या बरणीतलं, आणि दोन्ही चमचे गॅसवर धरले. पाकिटातली पूड वितळली आणि पाण्यासारखी राहिली. बरणीतली वितळली, पिवळी झाली, तांबडी झाली, धूर सोडून काळी पडली. घरभर बाबांच्या शर्टाचा वास सुटला.

आईने गॅस बंद केला, हात धुतले आणि बाबांना बोलावलं. ही बरणी कुणी भरली, एवढंच विचारलं.

बाबांनी सगळं सांगितलं, एका दमात. वाइन, सव्वा किलो, दुकान, रेघ. सांगून झाल्यावर त्यांना बरं वाटलेलं दिसलं. साखर घेतली तशी परत भरली, त्यात एवढं काय, असा चेहरा.

"तिथे साखर नव्हतीच," आई म्हणाली.

"तिसऱ्या बरणीत?"

"तिसऱ्या बरणीत. तुम्ही बाळाला काय पाजलंत ते लेबलवर लिहिलं होतं."

बाबांनी मान वर करून बरणीवरचं लेबल वाचलं. ओठ हलवत, अक्षर लावत. मग सावकाश विचारलं, "मग साखर कुठे होती?"

आईने पुन्हा एकदा हात धुतले. तिला खोटं बोलता येत नाही, म्हणून तिने ते लिहिलं होतं. शेवटी म्हणाली, "बाथरूममध्ये. सोड्याच्या बरणीत."

आजी केस पुसत दारात उभी होती. "कुठल्या सोड्याच्या?" तिने विचारलं, आणि उत्तर यायच्या आत खुर्ची ओढून बसली. "म्हणजे तीन रविवार मी याचे शर्ट पाकात बुडवले."

मी हसले. कोणी साथ दिली नाही, म्हणून थांबले.

बाबा रागावले नव्हते, उलट हादरले होते. माश्या, आकडे, डॉक्टर, छत्री, सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. "तू," ते म्हणाले, "लेबलवर खोटं लिहिलंस?"

आईने मान हलवली.

"आणि मी खात नव्हतो."

"खात होता," आई म्हणाली. "मीच वाढत होते."

यावर बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला की गॅसवरचा चमचा उचलायला हात पुढे केला, ते मला नीट दिसलं नाही. आजीने मला मुंग्यांसाठी झाडू आणायला पिटाळलं होतं.

*

मामा दुपारी आला आणि बुधल्यासमोर गुडघे टेकून बसला. स्वेटर उतरवला, बूच काढलं, चमचाभर चाखलं आणि बराच वेळ तोंडात घोळवलं. "दाजी," तो म्हणाला, "हे सरबत आहे." यीस्टने ब्लॅकबेरीतली होती नव्हती तेवढी साखर दोन दिवसांत संपवली होती. मग ते सव्वा किलो एरिथ्रिटॉलमध्ये उपाशी बसून होतं, कारण ते त्यालाही पचत नाही. म्हणजे आमच्या घरात महिनाभर पथ्य पाळलं ते फक्त बाथरूममधल्या बुधल्याने.

आईचे डोळे चमकले. तिने बाबांना अर्धा कप प्यायला लावला आणि दोन तास दर अर्ध्या तासाने त्यांचं बोट टोचलं. आकडा जागचा हलला नाही. पाच लिटर गोड, ब्लॅकबेरीचं, बिनसाखरेचं पेय तिच्या पुढ्यात उभं होतं. तिने ते मोठ्या पातेल्यात ओतून आटवायला ठेवलं. मामा कळवळून म्हणाला की ताई, वाइन कोणी शिजवतं का. आई म्हणाली, तूच सरबत म्हणालास.

अर्ध्याचा दाट सॉस झाला, उरलेल्यात जिलेटिन घालून ताटल्यांत थरथरणारी जांभळी जेली. चीजकेकसाठी तिने नवं एरिथ्रिटॉल मिक्सरमध्ये पिठीसारखं दळून घेतलं, मग कचकच गेली. गारवा राहिला, पण जेलीत गारवा खपून जातो. आजीने वाटी संपवली आणि काही बोलली नाही. आमच्याकडे हे प्रशस्तिपत्र आहे. आईने गणिताच्या बाईंना खरी कृती लिहून दिली आणि आधीच्याबद्दल माफी मागितली. बाईंना आधीचीच हवी होती.

कॅलेंडर: एकशे बहात्तर. एकशे चाळीस. एकशे एकवीस. एकशे चौदा.

*

पण सरासरी ती सरासरी. तीन महिने झाले आणि रिपोर्ट आला: सात पॉइंट सहा.

साडेसातच्या वर एक दशांश. त्या दशांशात चीजकेकचे तीन आठवडे होते, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं आणि कागदावर कुठे दिसत नव्हतं. आई रजा टाकून बाबांबरोबर डेपोच्या डॉक्टरांकडे गेली. कॅलेंडरची पानं नेली, आणि एक कागद. निळी शाई, पट्टीने मारलेली शिरोरेषा. डॉक्टरांनी तो मोठ्याने वाचला, म्हणून बाबांना पाठ आहे:

"चौथ्या आठवड्यापासून सातव्यापर्यंत वाढलेली साखर माझ्या हातची आहे. मी एका बरणीवर खोटं लेबल लावलं. या माणसाने चोरून काहीही खाल्लेलं नाही. तो खरं बोलत होता आणि मी यंत्राचं ऐकलं."

खाली सही, तारीख.

डॉक्टर म्हणाले की नियमात बरणीची सोय नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या, तोवर खिडकी. पण कागद त्यांनी फाइलला लावला. बाबा बाहेर आले ते चालत होते की तरंगत, सांगता येत नव्हतं. आपली गाडी हातची गेली हे त्यांना कोपऱ्यावर वळल्यावर आठवलं.

घरी बसण्याची धमकी ते विसरले. सहा आठवडे खिडकीत बसले. कुणी चौदा नंबर कुठे लागते विचारलं की ते मार्ग, वेळ, फलक काही सांगायचे नाहीत, म्हणायचे डावीकडून तिसरी. लोक बरोबर पोचायचे. फक्त फिरत्या खुर्चीने त्यांना चक्कर यायची, आणि एक काळजी खात होती. ब्लॅकबेरीचा हंगाम संपला होता. ज्या फांद्यांनी यंदा फळ दिलं त्या आता मुळाशी कापायच्या असतात, नवीन ठेवायच्या असतात. पुढचं फळ नव्यांना येतं. हे त्या मार्गावर बाबांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. नवा ड्रायव्हर कुंपणाला टेकून सिगरेट ओढतो, अशी बातमी होती.

एका रविवारी आई मोठी कात्री आणि जाड हातमोजे पिशवीत घालून निघाली. संध्याकाळी आली ती कोपरापर्यंत ओरखडलेली. बाबांनी विचारलं, नवा कसा चालवतो. ब्रेक जोरात मारतो, आई म्हणाली. आणि ओरखड्यांना हळद लावायला बसली.

सहा आठवड्यांनी: सात पॉइंट एक.

गुरुवारी बाबांना गाडी परत मिळाली. तेविसाव्या थांब्यावर ते रिकामा डबा घेऊन उतरले, सवयीने. जुन्या फांद्या गेल्या होत्या. चौदा नव्या फांद्या तारेला सैलसर बांधलेल्या होत्या, आणि प्रत्येकीला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक लेबल. नवी. कापू नये. सगळ्यांवर तेच लिहिलं होतं. बाबांनी चौदाही वाचली. बस दोन मिनिटं उशिरा सुटली.

आईच्या शाळेचा थांबा एकविसावा आहे. लग्नाआधी ती शाळेला जाताना तेविसाव्यावर उतरायची.